विश्लेषण : जिममधल्या सायकलवर दिसणारे ‘वॅट’ कितपत खरे?

जिममध्ये शेजारी शेजारी दोन सायकली असतात. एकीवर अर्धा तास घाम गाळला की स्क्रीन १४० वॅट दाखवते. दुसऱ्या दिवशी ती रिकामी नसते म्हणून शेजारच्या सायकलवर बसावे, तर तेवढ्याच दमछाकीला १७५ वॅट. एका रात्रीत पायांत बळ आले असे मानायला कुणालाही आवडेल, पण बहुतेक वेळा बदललेले असते ते यंत्र. एरवी ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. मात्र आता याच आकड्यावर सरावाचे वेळापत्रक आखले जाते, ऑनलाइन शर्यती जिंकल्या जातात आणि हृदयविकारातून सावरणाऱ्या माणसाने किती जोर लावावा हेही ठरवले जाते. त्यामुळे हा आकडा येतो कुठून, हे पाहणे गरजेचे ठरते.

वॅट हेच माप का?

स्थिर सायकलवर वेग आणि अंतर या दोन्ही गोष्टी काल्पनिक असतात. सायकल जागची हलत नाही, तेव्हा ‘१५ किलोमीटर झाले’ हे कंपनीने ठरवलेल्या गुणकाचे उत्तर असते. हृदयाचे ठोके खरे असतात, पण ते उकाडा, अपुरी झोप, नुकताच घेतलेला चहा या सगळ्यांबरोबर वरखाली होतात. शिवाय जोर वाढवल्यावर ठोके वाढायला वेळ लागतो. वॅटचे तसे नाही. एका सेकंदात एक ज्यूल कार्य म्हणजे एक वॅट, इतकी त्याची सरळ व्याख्या आहे. सायकलच्या बाबतीत दोनच गोष्टी कळाव्या लागतात : क्रँकला किती पीळ, म्हणजे टॉर्क, बसतो आणि क्रँक किती वेगाने फिरतो. २० न्यूटन-मीटर टॉर्कने मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर सुमारे १८८ वॅट होतात. फेऱ्या ६० वर आणल्या तर तेवढ्याच वॅटसाठी ३० न्यूटन-मीटर जोर लावावा लागतो. म्हणजे पुण्यातले १८८ वॅट आणि पॅरिसमधले १८८ वॅट सारखेच असायला हवेत. वॅटची सारी प्रतिष्ठा या ‘असायला हवेत’वर उभी आहे.

आकडा मोजलेला की अंदाजलेला?

खरी मेख इथे आहे. स्क्रीनवर दोन्ही आकडे एकाच ठशात झळकतात, पण त्यांची जात वेगळी असते.

मोजण्याची जुनी आणि अजूनही समजायला सर्वात सोपी पद्धत म्हणजे स्वीडनच्या मोनार्क सायकली. चाकाभोवती पट्टा, पट्ट्याला ताण आणि तो ताण दाखवणारा लंबक, एवढीच त्यांची रचना. पेडलच्या एका पूर्ण फेरीत चाकाच्या कडेवरचा बिंदू सहा मीटर सरकेल असे गुणोत्तर ठेवलेले असते. पट्ट्यावर एक किलोचा भार आणि मिनिटाला ६० फेऱ्या असतील, तर हिशेब सुमारे ५९ वॅटचा होतो. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ताळा करू शकतो आणि माहीत असलेले वजन टांगून लंबक बरोबर आहे की नाही ते पाहू शकतो. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ही सायकल अनेक दशके टिकली, त्याचे कारण हेच.

दुसरी पद्धत स्ट्रेन गेजची. जोर लावल्यावर क्रँकचा धातू डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्या बदलावरून टॉर्क कळतो. जर्मन अभियंता उलरिच शोबेरर यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या एसआरएम कंपनीने ही कल्पना सायकलच्या क्रँकमध्ये बसवली आणि व्यावसायिक सायकलिंगचा सराव कायमचा बदलला. आज पेडलमध्ये, क्रँकमध्ये किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ असे संवेदक बसवलेले मिळतात. ब्रिटनच्या वॉटबाइकमध्ये साखळीवरचा ताण मोजणारा लोड सेल असतो. कन्सेप्ट टू कंपनीच्या बाइकअर्गमध्ये आणखी वेगळी युक्ती आहे. हवा कापणाऱ्या पंख्याच्या चाकाचा वेग कसा घटतो, यावरून हवेचा विरोध किती हे ते यंत्र स्वतःच काढते आणि तो धरून शक्तीचा हिशेब करते.

तिसरी पद्धत अंदाजाची. सायकलमध्ये जोर मोजणारे काहीच नसते. नॉब कितव्या खुणेवर आहे आणि पाय मिनिटाला किती फेऱ्या मारत आहेत, एवढेच यंत्राला कळते. कारखान्यात एकदा तयार केलेल्या तक्त्यात या दोन आकड्यांसमोर जे वॅट लिहिले असतील ते स्क्रीनवर येतात. जिममधल्या चुंबकीय सायकलींपैकी बऱ्याच या प्रकारातल्या असतात. तक्ता नीट बनवला असेल आणि सायकल निगुतीने ठेवलेली असेल, तर हा अंदाज अगदीच टाकाऊ नसतो, हेही सांगायला हवे.

त्याखाली आणखी एक पायरी आहे, ती मात्र निव्वळ ‘अंदाजपंचे दाहोदरसे’. घरगुती वापराच्या अनेक स्वस्त सायकलींमध्ये लोकरी पॅड चाकावर घासून अडथळा निर्माण होतो आणि नॉब किती आवळला आहे हे स्क्रीनला कळतच नाही. ती फक्त फेऱ्या मोजते. अशा सायकलवर नॉब पूर्ण सैल सोडून पाय भराभर फिरवावेत. वॅट आणि कॅलरी दोन्ही वाढताना दिसतात. नॉब आवळून चढावर चढल्यासारखे पेडल मारावे, तर आकडे खाली येतात. व्यायाम कमी केला की बक्षीस जास्त, असे हे यंत्र.

तक्ता कुठे चुकतो?

चुंबकीय सायकलमध्ये चुंबक फिरत्या ॲल्युमिनियमच्या तबकडीला शिवत नाहीत. तबकडी चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते तिच्या गतीला विरोध करतात. झीज जवळजवळ नाही, आवाज नाही. म्हणूनच जिमवाल्यांना ही रचना प्रिय आहे. पण विरोध किती होईल हे चुंबक तबकडीवर किती पुढे सरकला आहे आणि मधली फट किती आहे यावर ठरते, आणि तिथे मिलिमीटरचाही फरक जाणवतो. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन सायकलींमध्ये जोडणीत किंचित फरक राहिला, वाहतुकीत एखादा स्क्रू हलला, पोटऱ्या ताणून नॉब आवळणाऱ्यांनी दोन वर्षांत तार सैल केली, की खूण तीच राहते आणि विरोध बदलतो. तक्त्याला याचा पत्ता नसतो.

उष्णतेचाही वाटा आहे. पेडलमधून आलेली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी त्या तबकडीतच उष्णता होऊन बाहेर पडते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध प्रत्येक अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तबकडी २० अंशांनी तापली तर भोवरे त्याच प्रमाणात दुबळे होतात आणि नेहमीच्या वेगांना विरोध सात-आठ टक्क्यांनी घटू शकतो. तासाभराच्या वर्गाच्या शेवटी ‘आता पाय मोकळे झाले’ असे वाटते, त्यात थोडे श्रेय तापलेल्या तबकडीचेही असते. स्क्रीन मात्र सुरुवातीचेच वॅट दाखवत राहते.

तिसरी अडचण जोरदार धावेच्या वेळी येते. जड फ्लायव्हीलला वेग द्यायला ऊर्जा लागते. तक्ता एकसारख्या गतीसाठी बनवलेला असल्याने ती ऊर्जा त्याच्या हिशेबात येत नाही. उलट वेग कमी करताना फ्लायव्हीलच पाय फिरवते, आणि तक्ता ते श्रेय पायांना देऊन टाकतो. अर्थात हा गोंधळ काही सेकंदांपुरताच असतो. अर्ध्या तासाच्या सरासरीत तो विरघळून जातो, पण पाच सेकंदांचा उच्चांक मिरवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

पेलोटनचे उदाहरण काय सांगते?

अमेरिकेतील पेलोटन कंपनीची सायकल २०१४ पासून ग्राहकांच्या घरी पोहोचू लागली. पडद्यावर प्रशिक्षक आणि बाजूला हजारो सहभागींची क्रमवारी, हे तिचे आकर्षण. क्रमवारी ठरते एकूण ‘आउटपुट’वर, म्हणजे वॅटच्याच बेरजेवर. पण मूळ सायकलमध्ये हे वॅट चुंबकाची जागा आणि फेऱ्या यांवरून काढलेले होते. त्यामुळे ग्राहकांच्या चर्चेत वर्षानुवर्षे एकच विषय घोळत राहिला : माझी सायकल ‘कडक’ आहे की ‘सैल’? कॅलिब्रेशन करून घेतल्यावर एखाद्याचे आकडे एकदम पडत, तर एखाद्याचे चढत. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने बाइक प्लस आणली. तिच्यात भार मोजणारा संवेदक आणि आपोआप कॅलिब्रेशनची सोय होती. यंत्र सुधारले हे खरे, पण जुन्यावरून नव्यावर गेलेल्या अनेकांना आपले विक्रम पुन्हा गाठता येईनात किंवा सहज मोडता येऊ लागले. शिवाय दोन्ही प्रकारच्या सायकली एकाच क्रमवारीत होत्या. या प्रकरणात कुणी फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. पण अंदाज आणि मोजमाप एकाच रांगेत उभे केले की त्या रांगेला फारसा अर्थ उरत नाही, हे त्यातून दिसले.

मोजणारी यंत्रे तरी बिनचूक आहेत का?

नाहीत. जाहिरातीतला ‘अधिक-उणे १ टक्का’ हा नव्या, नीट शून्यावर आणलेल्या, तापमान स्थिरावलेल्या यंत्राचा दावा असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात अव्वल सायकलपटू प्रत्यक्ष वापरत असलेले नऊ कंपन्यांचे ५४ पॉवर मीटर तपासले गेले. सरासरी चूक उणे ०.९ टक्के, म्हणजे नगण्य होती. मात्र यंत्रायंत्रांमधला फरक दर्शवणारे प्रमाण विचलन ३.२ टक्के निघाले. सरळ भाषेत, सगळी यंत्रे मिळून खरी होती, पण तुमच्या हातातले यंत्र खरेच असेल याची खात्री नव्हती. हे अव्वल खेळाडूंच्या सायकलींचे, रोज निगा राखल्या जाणाऱ्या यंत्रांचे. जिममध्ये दिवसभरात पन्नास जण वापरतात त्या सायकलीचे काय असेल याचा अंदाज करावा.

फक्त डाव्या क्रँकवर संवेदक बसवून आकडा दुप्पट करणारी स्वस्त यंत्रेही आहेत. दोन्ही पाय सारखे असतील तर ठीक. पण डावा पाय ४८ टक्के आणि उजवा ५२ टक्के भार उचलत असेल, तर खऱ्या २०० वॅटचे १९२ दिसतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सराव करणाऱ्याच्या बाबतीत ही तफावत आणखी मोठी असू शकते, आणि नेमकी त्यालाच दोन पायांतल्या फरकाची माहिती हवी असते. तसेच पेडलवर मोजलेले वॅट आणि मागच्या चाकाशी मोजलेले वॅट कधीच जुळणार नाहीत; मधल्या साखळीत दोन-तीन टक्के शक्ती खर्ची पडते. ती चूक नव्हे, मोजण्याची जागा वेगळी आहे इतकेच.

आकडा चुकीचा असूनही उपयोगी ठरू शकतो, हे मात्र विसरता कामा नये. घरातला वजनकाटा नेहमीच दोन किलो जास्त दाखवत असेल, तरी तीन महिन्यांत वजन किती घटले ते बरोबर कळते. सायकलचेही तसेच. एकाच सायकलवर, दहा मिनिटे अंग गरम केल्यावर दिसणारा आकडा महिन्याकाठी वाढत असेल, तर प्रगती खरी आहे. अडचण येते ती दर आठवड्याला वेगळी चूक करणाऱ्या काट्याची. स्थिर चूक वजा करता येते, भटकणारी चूक करता येत नाही.

मानके काय म्हणतात?

स्थिर सायकलींसाठी आयएसओ २०९५७-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वापरानुसार व्यावसायिक आणि घरगुती असे प्रकार आहेत आणि अचूकतेनुसार ए, बी, सी असे वर्ग. सर्वोच्च ए वर्गासाठीही सवलत बरीच आहे : ५० वॅटपर्यंत अधिक-उणे ५ वॅट आणि त्यावर अधिक-उणे १० टक्के. म्हणजे २०० वॅट दाखवणारी ए वर्गाची एक सायकल प्रत्यक्षात १८० मागत असेल आणि दुसरी २२०, तरी दोन्ही मानकात बसतात. चाळीस वॅटचा हा फरक हौशी सायकलपटूच्या वर्षभराच्या मेहनतीपेक्षा मोठा असू शकतो. वर्ग सी म्हणजे किमान अचूकता. सायकलच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत ‘एसए’, ‘एचसी’ अशी अक्षरजोडी असते. पहिले अक्षर वापराचे, दुसरे अचूकतेचे. विक्रेते ती सांगत नाहीत आणि ग्राहक विचारत नाहीत.

आपल्याकडे किराणा दुकानातला तराजू आणि पेट्रोल पंप यांची वैधमापन यंत्रणा ठरावीक काळाने पडताळणी करते. भाडे वाढले की रिक्षा-टॅक्सीच्या मीटरचे कॅलिब्रेशन करून घ्यावे लागते. ‘मापात पाप’ होऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे. जिममधल्या सायकलीला अशी सक्ती नाही. ती असावी असा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल. सायकलवर वॅट विकले जात नाहीत. पण निदान स्क्रीनवरचा आकडा मोजलेला आहे की तक्त्यातून काढलेला, हे सायकलीवर ठळक छापण्याची सक्ती करायला काय हरकत आहे? खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक छापले जातात, तर लाखभर रुपयांच्या यंत्रावर एक ओळ छापणे कुणाला जड जाऊ नये. कंपन्या हे स्वतःहून करतील अशी आशा नाही, कारण ‘अंदाजे’ हा शब्द जाहिरातीत शोभत नाही.

शर्यतींमध्ये काय घडले?

९ डिसेंबर २०२० रोजी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने झ्विफ्ट या मंचावर पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. सगळे स्पर्धक आपापल्या घरात होते. यंत्रांतला फरक निकाल ठरवू नये म्हणून सर्वांना एकाच मॉडेलचे ट्रेनर पुरवण्यात आले. पुरुष गटात जिंकलेला जर्मनीचा जेसन ऑस्बॉर्न मूळचा नौकानयनपटू. पुढे त्याला अल्पेसिन-फेनिक्स या व्यावसायिक संघात जागा मिळाली. घरातल्या यंत्राने पाठवलेल्या आकड्यांवर कारकीर्द घडू शकते, ती अशी. वरच्या दर्जाच्या शर्यतींत दुसऱ्या पॉवर मीटरवर समांतर नोंद ठेवण्याची अट असते, तीही याच कारणाने. त्याआधी २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ई-शर्यतीच्या विजेत्याचे पद काढून घेतले गेले. आभासी खेळातली वेगवान सायकल त्याने प्रत्यक्ष पेडल न मारता, संगणकीय युक्तीने मिळवली होती. शिवाय आभासी चढावर वेग ठरतो तो दर किलो वजनामागच्या वॅटवर, आणि हौशी शर्यतींत वजन स्पर्धक स्वतःच भरतो. वॅट मोजण्यासाठी स्ट्रेन गेज, वजनासाठी मात्र सचोटी, असा हा मामला आहे.

कॅलरींचा आकडा धरावा का?

वॅट खरे असतील तर बऱ्यापैकी. माणसाच्या शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल. हे दोन गुणक एकमेकांना जवळजवळ रद्द करतात, त्यामुळे पेडलवरचे किलोज्यूल आणि शरीराने जाळलेल्या किलोकॅलरी यांचा आकडा जवळपास सारखा येतो. १५० वॅटने अर्धा तास म्हणजे २७० किलोज्यूल, अर्थात ढोबळ मानाने २७० किलोकॅलरी. तेवढ्याच व्यायामाला सायकल ५०० दाखवत असेल, तर त्या भरवशावर घरी जाताना वडापाव खाऊ नये.

हृदयरुग्णांसाठी धोका कुठे?

रुग्णालयातील ताण-चाचणी सायकलवर केली, तर भार बहुधा २५-२५ वॅटच्या टप्प्यांनी वाढवतात. ती सायकल वैद्यकीय दर्जाची, विद्युत नियंत्रित ब्रेकची आणि नियमित कॅलिब्रेशन होणारी असणे अपेक्षित असते. त्या चाचणीवरून डॉक्टरांनी ‘५० वॅटपर्यंत चालवा’ असे सांगितले आणि रुग्ण सोसायटीच्या जिममधल्या सायकलवर बसला, तर गणित बदलते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्रानुसार ७० किलो वजनाच्या माणसाला ५० वॅटसाठी स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या साधारण ४.२ पट प्राणवायू लागतो, ७५ वॅटसाठी ५.३ पट. निरोगी माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. पण ज्याच्या हृदयाची मर्यादा पाचच्या आसपास आहे, त्याच्यासाठी तो मर्यादेच्या आतला आणि बाहेरचा फरक आहे. स्क्रीन ५० दाखवत असताना पाय ७५ वॅट देत असतील, तर त्याला ते कळणार कसे?

म्हणून पुनर्वसनात वॅटच्या जोडीला नाडी आणि जाणवणारा श्रम पाहिला जातो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रमपट्टी त्यासाठीच आहे. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची : पेडल मारताना सलग वाक्य बोलता येत नसेल, तर स्क्रीन काहीही म्हणो, जोर कमी करावा. अशा रुग्णांनी वॅटचा आकडा एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर नेऊ नये. नवी सायकल म्हणजे पुन्हा खालच्या भारापासून सुरुवात, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

स्वतः पडताळणी कशी करावी?

सर्वात आधी फेऱ्या तपासाव्यात. तीस सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजून दुप्पट करावे. हे स्क्रीनशी जुळले नाही, तर पुढचे सगळेच संशयास्पद. मग नॉबची परीक्षा. फेऱ्या ७० वर कायम ठेवून नॉब आवळावा. वॅट हलले नाहीत, तर ती सायकल जोर पाहतच नाही असे समजावे. कुणा सायकलपटू मित्राकडे पॉवर मीटर असलेली पेडल्स असतील तर उत्तम. पेडलचे आटे बहुतेक सायकलींना सारखेच असल्याने ती जिमच्या सायकलवर बसवता येतात. जिमवाल्याची परवानगी मात्र आधी घ्यावी. दहा मिनिटे चालवून झाल्यावर १००, १५० आणि २०० वॅटवर प्रत्येकी तीन-चार मिनिटे, आधी ६५ आणि मग ९० फेऱ्यांनी चालवावे आणि दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. फरक सगळीकडे सारख्या टक्क्यांचा आला, तर तेवढे टक्के वजा करून ती सायकल खुशाल वापरता येते. कमी फेऱ्यांना एक आणि जास्त फेऱ्यांना भलताच फरक आला, तर तक्ताच चुकलेला आहे.

खुद्द त्या पेडल्सचा भरवसा किती, अशी शंका आली तर त्यांचाही ताळा पाहता येतो. १७० मिलिमीटरचा क्रँक जमिनीला समांतर धरून, मागचे चाक पक्के अडवून, पेडलच्या मध्यावर बरोबर १० किलो वजन टांगावे. यंत्राने सुमारे १६.७ न्यूटन-मीटर दाखवायला हवेत. वजन मात्र वाण्याच्या शिक्का मारलेल्या काट्यावर तोलून घ्यावे.